वहिनी ओपनिंग वापरत नसत

मिक्सिंगवाल्या वहिनी स्वतःला कापून टाकत. मानवत आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लग्नांच्या कॅसेटी त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांतल्या बऱ्याच लग्नांना त्या स्वतः अक्षता टाकायला, जेवायला हजर असायच्या. पण एकाही कॅसेटीत त्या दिसत नाहीत. कॅमेरा पंगतीवरून फिरत फिरत त्यांच्या शेजारच्या बाईपर्यंत येतो आणि तिथून थेट बुंदी वाढणाऱ्यावर उडी मारतो. मधला तुकडा वहिनींनी दुकानात बसून उडवलेला असायचा. (आता सगळं पेनड्राईव्हमध्ये येतं, पण आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगला अजून कॅसेटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वाढनाऱ्यानं पंगतीत बसू नये, भावजी. लोकाईला वाटतं आपल्या ताटात कमी पडायलंय."

वहिनी म्हणजे नंदूभाऊंची बायको. नंदूभाऊंचा मानवतला स्टँडच्या मागच्या गल्लीत फोटो स्टुडिओ. नंदूभाऊ लग्नं शूट करत आणि वहिनी ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवत. म्हणजे नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, मागे गाणी घालायची. यालाच मिक्सिंग म्हणतात. मी मूळचा ताडकळसचा. त्या वेळी मानवतला एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो, कापसाच्या गाड्यांची वजनं लिहून घ्यायचो. माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट काही केल्या मिळेना आणि घरचे रोज फोन करून डोकं खायला लागले, म्हणून एका संध्याकाळी मी तगादा लावायला स्टुडिओत गेलो. वहिनी खुर्चीवर मांडी घालून पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर माझी बहीण नव्हती. पुलावरून सायकल चालवत जाणारी एक जपानी पोरगी होती, चित्रातली.

मी दारातच थबकलो, कारण ती पोरगी माझ्या ओळखीची होती. परभणीला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पोरांनी मला जपानी ॲनिमेचा, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचा, नाद लावला होता. त्या मालिकांतले तुकडे निवडायचे आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर बसवायचे, एवढाच तो छंद. जगभरातली पोरं तो करतात, एकमेकांना दाखवतात, त्यावरून भांडतातही. मीही खोलीवर बसून असले दोनचार व्हिडिओ जुळवले होते आणि नेटवर टाकले होते. ते माझ्याशिवाय फारसे कोणी पाहिलेले नव्हते. आणि मानवतच्या एका गल्लीत, देवाच्या फोटोखाली बसून एक साडीतली बाई तेच करत होती.

"हे तुम्ही करता?" मी विचारलं.

त्यांनी चटकन पडदा बदलला. माझी बहीण आली, डोळ्यांत पाणी, गळ्यात हार. "कुनाला सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "लोकं म्हनतील, बाई लगीन सोडून कार्टून बघायलीय."

कॅसेट आणखी आठ दिवस लांबली आणि मी तक्रार करायचं सोडून रोज तिथं जाऊ लागलो.

त्यांना हा नाद लागला तो एका विसरलेल्या पेनड्राईव्हमुळे. स्टुडिओत पिक्चर-गाणी भरून द्यायचाही धंदा चाले. कोणीतरी कॉलेजचा मुलगा पेनड्राईव्ह देऊन गेला तो परत फिरकलाच नाही. त्यात एक अख्खी जपानी मालिका होती. वहिनींनी एका दुपारी गिऱ्हाईक नाही म्हणून ती लावली आणि त्यांचं जेवण तसंच राहिलं. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती वाचायला वेळ पुरत नव्हता. मग आवडलं काय, असं मी विचारलं. "इथं कोनी कॅमेऱ्याकडं बघत न्हाई," त्या म्हणाल्या. लग्नात सगळे बघतात. नवरी बघते, नवरदेव बघतो, करवल्या बघतात, कडेवरचं लेकरू रडता रडता थांबून बघतं. दिवसभर त्या बघणाऱ्या माणसांना तोंड देऊन वहिनी थकलेल्या असायच्या. जपानी पोरगी सायकल चालवायची, भात शिजवायची, खिडकीतून बाहेर बघत बसायची. आपल्याकडे कोणी बघत असेल याची तिला फिकीर नव्हती. वहिनींना तेच हवं होतं.

लग्नं देवउठनी एकादशीनंतर सुरू होतात आणि कापूसही दसरा-दिवाळीच्या पुढेमागे यायला लागतो. त्यामुळे जिनिंग बंद आणि लग्नं बंद, असे पावसाळ्याचे महिने आम्हा दोघांनाही मोकळे मिळायचे. मी काट्यावरून सुटलो की स्टुडिओत. नंदूभाऊ पासपोर्ट फोटो काढत, "आला तुमचा जपान," असं मला चिडवत आणि चहा सांगत. नंदूभाऊंची आई, मी तिला मावशी म्हणे, ती दाराजवळच्या बाकावर वाती वळत बसायची आणि पडद्यावरच्या माणसांची चौकशी करायची. "ह्या पोरीला आई न्हाई का? इतक्या लांब एकटी काहून चाललीय? जेवली का ती?" वहिनी प्रत्येक प्रश्नाला गंभीरपणे उत्तर द्यायच्या. सून आणि सासू यांचं एरवी मिठावरूनही वाजायचं, पण त्या जपानी पोरीच्या काळजीत दोघी एक होत्या.

वहिनींचा एक नियम होता, तो त्यांनी कधी मोडला नाही: ओपनिंगमधला तुकडा घ्यायचा नाही. या मालिकांच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दीडेक मिनिटाचं शीर्षकगीत असतं, त्याला ओपनिंग म्हणतात. सगळ्यांत देखणी चित्रं तिथेच असतात. वाऱ्यावर केस उडतात, पाकळ्या गळतात, सगळी पात्रं एका रांगेत उभी राहून आपल्याकडे वळतात. माझ्यासारख्या आळशी माणसाला ती तयार मिठाई वाटते. मी माझा सगळ्यांत चांगला व्हिडिओ त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्याच मिनिटात पडदा थांबवला. "हे ओपनिंगमधलं हाय. खालची नावं लपवायला तुमी चित्र मोठं केलंय. हिची हनुवटीच गेली बघा."

मी म्हटलं, गेली तर गेली, सुंदर तर दिसतंय. यावर त्या जे बोलल्या ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "ओपनिंग म्हंजी स्टेज हाय, भावजी. लोकं तिथं आनून बसवलेले असतेत, कॅमेऱ्याकडं बघा म्हनून सांगितलेलं असतं. वर दुसऱ्याची नावं. आन् ते दुसऱ्याच्या गान्यावर कापलेलं असतं. आपल्या गान्यावर लावलं तरी पाय त्याच तालावर पडतेत." नावं नसलेलं ओपनिंगही नेटवर मिळतं, असं मी सांगितलं. हौशी लोक ते मुद्दाम शोधून काढतात. वहिनींनी मान हलवली. "नावं पुसली तरी कापलेलं ते कापलेलंच. त्याच्या मागचं-पुढचं कुठून आनाल? मागचं-पुढचं सापडलं तर खुशाल घ्या." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "आन् आमचंच ओपनिंग घ्या की. कोन बघतंय? सगळे पुढं ढकलतेत."

ते खरं होतं. नंदूभाऊंच्या प्रत्येक कॅसेटीची सुरुवात सारखीच असायची. काळोखात एक हात पुढे येतो, समईची वात पेटवतो, आणि त्यावरून स्टुडिओचं नाव आणि मोबाईल नंबर फिरत फिरत येतो. ते आलं की घरातला कोणी ना कोणी रिमोट उचलायचा. मीही बहिणीच्या कॅसेटीत ते कधी पुरतं पाहिलं नाही. नेटवरून घेतलेला तयार तुकडा असेल, असंच मला वाटत होतं.

वहिनींचा सगळ्यांत चांगला व्हिडिओ मावशीच्या ओव्यांवरचा. मावशी वाती वळता वळता गुणगुणायची, ते वहिनींनी मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं. मावशीला ठाऊकही नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं घसा साफ केला असता आणि सगळं बिघडलं असतं. आई वाट पाहते आणि लेक येत नाही, अशा त्या ओव्या. त्यावर वहिनींनी एका लहानशा स्टेशनात राहणाऱ्या जपानी पोरीची मालिका बसवली. शेवटी मी एक चित्र सुचवलं. ती पोरगी खिडकी उघडते आणि सगळा उजेड आत येतो. त्या ओव्यांना ते असं शोभलं असतं! पण ते ओपनिंगमध्येच होतं. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं.

"लय सुंदर हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हनूनच नको."

त्यांनी सगळे भाग पुन्हा पालथे घातले आणि कुठल्याशा भागातून एक रिकामं स्वयंपाकघर काढलं. ताट धुऊन पालथं घातलेलं, पडदा थोडा हलतोय, माणूस नाही. शेवटच्या ओवीला ते आलं आणि मला ताडकळसचं आमचं घर आठवलं, बहीण सासरी गेल्यानंतरचं. मी चष्मा पुसायचं निमित्त करून बाहेर गेलो. मावशीनं स्वतःचा आवाज ऐकला आणि विचारलं, "ही कोन म्हातारी गायलीय? बरी गायलीय."

हा व्हिडिओ नेटवर टाका म्हणून मी मागे लागलो. नाही टाकला. त्यात त्यांचं नावही नव्हतं. हट्ट हा त्यांचा मोठाच दोष होता. एका लग्नात कोण्या पुढाऱ्यानं मांडवात लांबलचक आशीर्वाद दिले होते, ते वहिनींनी दोन वाक्यांवर आणून ठेवले. वरपक्षाची माणसं दुकानात येऊन नंदूभाऊंना नाही नाही ते बोलली. नंदूभाऊ हात जोडून उभे, आणि आतून वहिनींचा आवाज: "नवरी मागं उन्हात उभी हाय, ते दिसायलंय का कुनाला?" शेवटी भाषण परत घालावं लागलं. वहिनींनी ते जसंच्या तसं घातलं, मात्र पुढे कित्येक दिवस नवऱ्याशी त्या कामापुरतंच बोलत होत्या.

एकदा मात्र त्या फसल्या. दोन्ही कामं एकाच कॉम्प्युटरवर चालायची. पिंगळीच्या एका लग्नाच्या कॅसेटीत, हळद संपते आणि सीमांतपूजन सुरू होतं त्याच्या मधे, जपानी पोरगी सायकलवरून निघून गेली. तुकडा काढायचा राहून गेला होता. पेनड्राईव्ह पिंगळीला पोचला, घराघरांत पाहिला गेला, आणि आम्ही भीतभीत बोलावण्याची वाट पाहत बसलो. बोलावणं आलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच गावचे दुसरे गृहस्थ लग्नाची तारीख सांगायला आले आणि जाताना म्हणाले, "त्यांच्यात टाकलंय ते सायकलवाल्या पोरीचं आमच्यात बी टाका. उगी कमी-जास्त नको." नंदूभाऊ तयार होते. वहिनी ठाम नाही म्हणाल्या. ती पोरगी कोणाच्या लग्नाला आलेली नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

पुढे मला परभणीला बरी नोकरी लागली आणि मानवत सुटलं. जाणंयेणं राहिलं. वहिनींना मुलगी झाली, मुक्ता. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून त्या मिक्सिंग करताना मी पाहिल्या आहेत.

मुक्ता अंगणवाडीत जात होती त्या उन्हाळ्यात वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. लग्नसराई ऐन भरात. "एवढी मोठी तिथ निघू द्या," असं करत करत त्यांनी दुखणं अंगावर काढलं. नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नंदूभाऊंना बाजूला घेतलं. आखाड लागायच्या आत वहिनी गेल्या. त्यांच्यात दहन नसतं, माती देतात. माणसाला बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. मांडी घालून बसवलेल्या वहिनींकडे पाहताना मला त्या दुकानातल्या खुर्चीवर बसल्यासारख्या वाटल्या, आणि हे वाटल्याचाच मला फार त्रास झाला. शेजारच्या स्टुडिओतल्या माणसानं नंदूभाऊंना हळूच विचारलं, कॅमेरा आणू का म्हणून. नंदूभाऊ म्हणाले, "नको. शूटिंग घेतलं तरी तिनं ते कापलंच असतं."

याची किंमत पुढे मुक्ताला द्यावी लागली. दोन दिवाळ्यांमागे मी मानवतला गेलो होतो. मुक्ता तेव्हा सातवीत होती. ती माझ्याजवळ येऊन बसली, हातातला मोबाईल उगाच चाळत राहिली, आणि मग तिनं विचारलं, "काका, आई चालायची कशी?"

मला प्रश्न कळला नाही. तिनं समजावून सांगितलं. भिंतीवर आईचा फोटो आहे, शिधापत्रिकेवर आहे, आधारवर आहे. सगळ्यांत ती समोर बघत बसलेली आहे. वर्गातल्या एका मुलीची आईही नाही, पण तिच्याकडे आईचा व्हिडिओ आहे, ती अंगणात ज्वारी पाखडते आहे. "मला आई हललेली आठवत नाही," मुक्ता म्हणाली. मी सांगायचा प्रयत्न केला. भरभर चालायची, म्हटलं. म्हणजे कशी? चालणं सांगता येत नाही, आणि उठून नक्कल करून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मी आणि नंदूभाऊ हलणाऱ्या वहिनींच्या शोधाला लागलो. सोपं वाटलं होतं, फोटोग्राफरच्याच घरचं काम. पण त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीला बुरशी लागून ती केव्हाच गेली होती. मुक्ताच्या बारशाचं शूटिंग नंदूभाऊंच्या मोबाईलमध्ये होतं आणि तो मोबाईल हौदात पडला होता. लग्नांचं मूळ शूटिंग डिस्कवर जागा लागते म्हणून दर हंगामात पुसलं जायचं आणि जे लोकांच्या घरी होतं ते वहिनींच्या हातचं होतं. आम्ही तरीही फिरलो. पिंगळीला गेलो, ताडकळसला आमच्याच भावकीतल्या लोकांचे पेनड्राईव्ह मागून आणले. ज्या लग्नांना वहिनी गेल्याचं पक्कं ठाऊक होतं ती पुन्हा पुन्हा पाहिली. मी इतकं चोख काम त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्याचा मला पहिल्यांदाच राग आला. एका हळदीत मागच्या आरशात क्षणभर एक खांदा दिसला. मुक्तानं तो पाहिला आणि म्हणाली, "हा कोणाचा पण असू शकतो."

शेवटी सापडलं ते मावशीला. असाच आणलेला एक पेनड्राईव्ह मी टीव्हीला लावला होता आणि सवयीनं रिमोट दाबून पुढे चाललो होतो. मावशी कॉटवर पडून होती. ती म्हणाली, "सुरवातीपासून लाव रं. तुमची सदा घाई." मी मागे नेलं. काळोख, हात, काडी, समई. मावशी उठून बसली.

"ही पाटली माझी हाय," ती म्हणाली. "सून घरात आली तवा मी हिच्या हातात घातलेली. हात हिचाच की."

मी नंदूभाऊंकडे पाहिलं. ते दाराला टेकून उभे होते. "व्हय," ते म्हणाले, "मीच शूट केलंय. मला गुलाबाची फुलं उडनारं तयार ओपनिंग पायजे होतं. ती म्हनली, समद्या तालुक्यात तेच गुलाब हायेत, आपन समई घेऊ. हात कुनाचा घ्यायचा तर तिचाच घेतला. नुसता हात म्हनून ती तयार झाली." इतक्या वर्षांत इतक्या वेळा ते बघून नंदूभाऊंना ते दिसेनासंच झालं होतं. वहिनी साऱ्या पंचक्रोशीत घरोघर होत्या आणि जो तो त्यांना पुढे ढकलत होता.

मुक्ता टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. पण बोटं नीट दिसायच्या आतच त्यांच्यावरून मोबाईल नंबर गेला. मला वहिनींचा नियम आठवला. वर नावं, आधीच कापलेलं, आणि मागचं-पुढचं नाही. अख्ख्या जगात त्यांचं हलणारं एवढंच काही उरलं होतं आणि ते नेमकं ओपनिंगमध्ये.

"नंबर बदलला की काय करायचात तुम्ही?" मी नंदूभाऊंना विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तडक माळ्यावर चढले. नंबर बदलला की नवी अक्षरं घालावी लागत, म्हणून ओपनिंगचं मूळ शूटिंग तेवढं पुसलेलं नव्हतं. बिस्किटाच्या डब्यात एक जुनी डिस्क होती, ती दुकानात नेऊन जोडली. भर दुपारी, शटर अर्धं ओढून, आम्ही चौघं त्याच कॉम्प्युटरसमोर बसलो. खुर्चीवर मुक्ता होती.

समई दिसते, उजेडातच; काळोख मिक्सिंगमध्ये घातलेला. हात येतो, काडी ओढतो, काडी विझते. दुसरी ओढतो, तीही विझते. "फॅन बंद करा की," वहिनींचा आवाज येतो. तो ऐकून मावशीनं पदर तोंडाला लावला. "मी कॅमेरा धरलाय," नंदूभाऊ म्हणतात, कोवळ्या आवाजात. मग हात निघून जातो, कॅमेरा बेसावधपणे वर उचलला जातो, आणि वहिनी उठतात. पदर कमरेला खोचलेला. पहिली चार पावलं जरा लंगडत टाकतात, एक पाय झटकतात, मग भरभर दाराजवळच्या बटणांपाशी जातात. चुकीचं बटण दाबतात, दिवा जातो, "हे न्हाई," असं स्वतःशीच म्हणून तो परत लावतात. फॅन बंद करतात. कानामागे केस सारत परत येतात. कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाहीत. तो चालू आहे हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा हे सगळं कापलंच जाणार याची खात्री असावी. बसतात. हात पुन्हा पुढे येतो, काडी पेटते, वात धरत नाही. नंदूभाऊ काहीतरी पुटपुटतात. वहिनी म्हणतात, "बंद करू नका, पेटायलंय." आणि वात धरते.

मग मुक्ता म्हणाली, "परत लावा. फॅनपासून."

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिनं विचारलं, "आई लंगडायची?"

"न्हाई गं," नंदूभाऊ म्हणाले. "मांडी घालून बसायची. पायाला मुंग्या यायच्या. उठली की चार पावलं अशीच टाकायची."

"मला पण येतात," मुक्ता म्हणाली.

ही लंगडती चार पावलं मी रोज पाहिली होती आणि साफ विसरलो होतो. मुक्तानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी भरभर चालायची एवढंच सांगून मोकळा झालो होतो. ही डिस्क सापडली नसती तर हे चालणं त्या पोरीला कधीच मिळालं नसतं.

मी मुक्ताला म्हटलं, तुझ्या आजीच्या ओव्यांवर हे सुंदर बसवून देतो. माझ्या डोळ्यांसमोर ते तयारही होतं; कुठे सुरू करायचं, कुठली ओवी कुठल्या पावलावर आणायची. मागचं-पुढचं सापडलं होतं, आता वहिनींचीही हरकत नसती. मुक्तानं थोडा विचार केला. "गाणं नको, काका," ती म्हणाली. "आणि कापू पण नका." मी ते होतं तसंच तिच्या मोबाईलमध्ये घालून दिलं.

नंदूभाऊ आता ड्रोन उडवतात, मिक्सिंग परभणीहून करून आणतात, पण ओपनिंग त्यांनी बदललेलं नाही. फक्त अक्षरं खाली घेतली आहेत. बोटांवरून काही जात नाही. मागच्या महिन्यात ताडकळसला आमच्या चुलत्याकडे पुतणीच्या लग्नाची कॅसेट बघायला सगळं घर जमलं होतं. काळोख झाला, हात आला, आणि चुलत्यानं सवयीनं रिमोट उचलला. मी त्याचा हात धरला.

"थांबा, काका," मी म्हणालो. "पेटू द्या तेवढं."